अंडाशय गेले, दुखणे राहिले

अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होऊन पाच-सात वर्षे लोटली, टाक्यांची खूण फिकट झाली, तरी ओटीपोटात त्याच बाजूला मधूनमधून कळ येत राहते, ही तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांना, शल्यचिकित्सकांना आणि पोटविकारतज्ज्ञांना नवी नाही. अशी स्त्री बहुधा एका डॉक्टरांकडून दुसऱ्यांकडे फिरत आलेली असते, तिच्याजवळच्या फायलीत चार-पाच सोनोग्राफींचे अहवाल असतात आणि त्या सगळ्यांवर काही दोष नसल्याचा शेरा असतो. ज्या अवयवावर दुखण्याचे खापर फोडले गेले तो शरीरात उरलेला नसताना दुखणे मात्र टिकून आहे, याचा उलगडा न झाल्यामुळे घरची माणसे त्याला मनाचे दुखणे समजू लागतात आणि हळूहळू तिचाही स्वतःवरचा विश्वास डळमळतो. वास्तविक अशा दुखण्याची कारणे वैद्यकशास्त्राला बरीचशी ठाऊक आहेत. अडचण एवढीच की त्यांतली पुष्कळशी सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाहीत, आणि जी बोटांनी चाचपून पाच मिनिटांत ओळखता येतात ती चाचपण्याची सवय मोठमोठ्या तपासण्यांच्या गर्दीत मागे पडत चालली आहे.

जिथे दुखते तिथला अवयव काढला की दुखणे जाईल, हा विचार जुना आहे आणि त्याचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. अंडाशयावरील शस्त्रक्रियेची सुरुवात मात्र खऱ्या गरजेतून झाली. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डॅनव्हिल या गावी इफ्रेम मॅकडॉवेल या शल्यचिकित्सकाने डिसेंबर १८०९ मध्ये जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयाची सुमारे साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजनाची गाठ काढली. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची पद्धत तेव्हा सुरूही झालेली नव्हती, तरी ती स्त्री त्यानंतर आणखी ३२ वर्षे जगली. पुढे १८७२ साली जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी यांनी गाठ वगैरे काही नसताना, केवळ पाळीचे त्रास आणि त्या काळच्या भाषेत ‘मज्जासंस्थेचे विकार’ दूर करण्यासाठी अंडाशये काढण्याचा प्रघात पाडला, आणि त्याच सुमारास जर्मनीत आल्फ्रेड हेगार व इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही त्या दिशेने पावले टाकली. एकोणिसावे शतक संपता संपता या प्रघातावर डॉक्टरांमधूनच कडक टीका झाली आणि तो मागे पडला, परंतु त्यामागचा तर्क पूर्णपणे गेला असे म्हणता येत नाही. आजही सोनोग्राफीत दोन-तीन सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ दिसली आणि त्याच बाजूला दुखत असले, की दोहोंचा संबंध गृहीत धरला जातो.

हा तर्क फसतो कुठे, हे समजण्यासाठी पोटातील वेदना मेंदूपर्यंत कशी पोचते ते पाहावे लागते. कातडीला टाचणी टोचली तर तिची जागा डोळे मिटूनही अचूक सांगता येते, कारण कातडीत मज्जातंतूंचे जाळे दाट असते. पोटातील अवयवांकडे हे जाळे विरळ असते आणि अनेक अवयवांचे तंतू मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर येऊन मिळतात. अंडाशयाकडून येणारे तंतू मज्जारज्जूत साधारणपणे दहाव्या-अकराव्या वक्षीय पातळीवर, म्हणजे बरगड्यांच्या शेवटच्या जोड्यांच्या पातळीवर शिरतात, आणि त्याच पट्ट्यात आतड्याचा काही भाग, मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी आणि बेंबीच्या आसपासची कातडी यांच्याही संवेदना येतात. त्यामुळे ‘उजवी ओव्हरी दुखते’ असे जे वाटत होते ते शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच आतड्याचे, मूत्रवाहिनीचे किंवा पोटाच्या भिंतीचे दुखणे असू शकते. म्हणूनच सर्वांत उपयोगी प्रश्न कोणत्याही यंत्राला नव्हे तर त्या स्त्रीलाच विचारायचा असतो: आताचे दुखणे शस्त्रक्रियेपूर्वीचेच, तसेच्या तसे चालू आहे, की मध्ये काही महिने किंवा वर्षे बरी गेल्यावर नव्याने सुरू झाले आहे, आणि त्याची जात तीच आहे की बदललेली? पहिल्या प्रकारात मूळ निदानच चुकले असण्याचा संशय घ्यावा लागतो, तर दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेने मागे काय ठेवले याचा शोध घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर नव्याने उद्भवलेले किंवा वाढलेले आणि निदान तीन महिने टिकलेले दुखणे जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात आता स्वतंत्र निदान म्हणून नोंदले गेले आहे. ही मान्यता उशिरा मिळाली. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील वेदना-चिकित्सालयांत आलेल्या ५,१३० रुग्णांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २२.५ टक्के रुग्णांनी आपल्या दुखण्याचे मूळ एखाद्या शस्त्रक्रियेत असल्याचे सांगितले होते.

शस्त्रक्रियेने मागे ठेवलेल्या गोष्टींत पहिले नाव घेतले जाते ते ॲढिजन्सचे. ‘आतडी आतून चिकटली आहेत’ असे डॉक्टर सांगतात ते यालाच. पोटातील अवयवांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर उदरावरण नावाचे एक तलम, ओलसर अस्तर असते, त्याचा वरचा थर केवळ एका पेशीइतका जाड असतो आणि त्याच्यामुळेच आतडी एकमेकांवरून विनासायास सरकतात. चिमटा, धागा, कापसाचा बोळा किंवा नुसती हवा लागून कोरडे पडणे यांनी हा थर दुखावला, की काही तासांतच तिथे फायब्रिन हे प्रथिन खळीसारखे साचते आणि शेजारचे पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवते. शरीराजवळ हे फायब्रिन विरघळवण्याची व्यवस्था असते आणि ती नीट चालली तर आठवडाभरात अस्तर पूर्ववत होते. परंतु जंतुसंसर्ग, साचलेले रक्त किंवा रक्तपुरवठा तुटलेली ऊती यांमुळे ती व्यवस्था मंदावली, तर त्या चिकट थरात तंतू तयार करणाऱ्या पेशी शिरतात, मागोमाग सूक्ष्म रक्तवाहिन्या येतात आणि कायमचा पट्टा तयार होतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांत असे पट्टे कमीअधिक प्रमाणात सापडतात. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत, विशेषतः पोटाच्या भिंतीशी होणारे, पट्टे कमी असतात, पण मुळीच नसतात असे नाही. पूर्वी शल्यचिकित्सकांचे हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांवर असणारी स्टार्चची भुकटीही या चिकटण्याला हातभार लावीत असे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा भुकटीच्या हातमोज्यांवर २०१७ च्या जानेवारीपासून बंदी घातली, ही गोष्ट या संदर्भात नोंदण्याजोगी आहे.

या पट्ट्यांचा उपद्रव किती काळ लांबतो, याचा अंदाज स्कॉटलंडमधील एका मोठ्या पाहणीवरून येतो. १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३०,००० रुग्णांचा दहा वर्षे माग ठेवला असता, दर तिघांपैकी एकाला पट्ट्यांमुळे उद्भवलेल्या किंवा त्यांच्याशी संबंध असू शकणाऱ्या कारणासाठी, किंवा पट्ट्यांमुळे गुंतागुंतीची होऊ शकेल अशा पुढच्या शस्त्रक्रियेसाठी, पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि तेही सरासरी दोनदा. मात्र यावरून प्रत्येक पोटदुखीचे खापर ॲढिजन्सवर फोडणे बरोबर नाही. पोटभर पट्टे असूनही काही स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि एखादाच पातळ पट्टा असलेली दुसरी स्त्री कळवळते. पट्ट्यांमध्ये मज्जातंतू उगवलेले असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले असले, तरी पट्ट्यांची संख्या आणि वेदनेची तीव्रता यांचा सरळ हिशेब लागत नाही.

मग पट्टे कापून सोडवले तर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नेदरलँड्समध्ये झालेली आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी अशा शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घेण्यासारखी आहे. दीर्घकाळ पोट दुखणाऱ्या आणि दुर्बिणीतून पट्टे दिसलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांचे पट्टे सोडवण्यात आले, उरलेल्यांच्या पोटात केवळ दुर्बीण घालून ती बाहेर काढण्यात आली, आणि कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगण्यात आले नाही. वर्षभराने दोन्ही गटांतील बऱ्याच जणांना आराम पडलेला होता, आणि तो दोहोंत जवळजवळ सारखाच होता. याच रुग्णांची बारा वर्षांनंतर पुन्हा चौकशी झाली तेव्हा तर पट्टे सोडवलेल्या गटाची स्थिती अधिक वाईट निघाली, कारण सोडवलेला पट्टा पुन्हा तयार होतो आणि सोडवताना आतड्याला इजा होण्याचा धोका असतो. केवळ दुखण्यासाठी, आतडे अडकल्याची कोणतीही खूण नसताना, पट्टे सोडवण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली तर दुसरे मत घ्यावे, असे या पुराव्यावरून स्पष्टपणे म्हणता येते.

पोटाच्या आत सगळे शोध चालू असताना दुखणे प्रत्यक्षात पोटाच्या भिंतीत असणे, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. ओटीपोटावर आडवा छेद घेण्याची पद्धत हेर्मान फानेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली मांडली आणि तिचा व्रण कपड्याखाली झाकला जातो म्हणून ती जगभर रूढ झाली. परंतु या छेदाच्या दोन्ही टोकांपाशी कमरेच्या वरच्या भागातून निघून जांघेकडे जाणारे दोन मज्जातंतू असतात, आणि ते छेदात कापले जाणे, टाक्यात आवळले जाणे किंवा पुढे व्रणाच्या घट्ट ऊतीत अडकणे शक्य असते. नेदरलँड्समधील एका अभ्यासात असा छेद घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी दोन वर्षांनंतरही व्रणापाशी काही ना काही दुखत असल्याचे सांगितले, जरी तीव्र त्रास त्यांतल्या थोड्यांनाच होता. या दुखण्याची जात वेगळी असते: जळजळ, चमक किंवा बधिरपणा, जो जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा योनीच्या ओठापर्यंत उतरतो, हात वर करून फळीवरचा डबा काढताना वाढतो आणि पाय पोटाशी घेऊन झोपल्यावर कमी होतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाजूला पाडलेल्या छोट्या छिद्रांपाशीही हेच घडू शकते.

हे ओळखण्याची परीक्षा फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जॉन कार्नेट यांनी १९२६ साली सांगितली आणि तिला एक रुपयाही खर्च येत नाही. स्त्रीला उताणे झोपवून, सर्वांत जास्त दुखणारी जागा एका बोटाने दाखवायला सांगतात. डॉक्टर त्या जागेवर बोट दाबून ठेवतात आणि तिला हात छातीवर बांधून डोके व खांदे किंचित उचलायला सांगतात, ज्यामुळे पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणे आतल्या अवयवाचे असेल तर ताठ झालेला स्नायू ढालीचे काम करतो आणि दाब कमी जाणवतो. दुखणे भिंतीतच असेल तर ते तसेच राहते किंवा वाढते. एक बोट पुरेल एवढीच जागा दाखवली जाते की सगळा तळहात फिरवला जातो, यावरूनही अनुभवी डॉक्टरांना अर्धे निदान होते. परीक्षेत भिंतीचा संशय आल्यास त्या बिंदूवर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देतात, आणि काही मिनिटांत दुखणे थांबले तर निदान आणि उपचाराची सुरुवात दोन्ही एकदमच होतात. वर्षानुवर्षे गॅसच्या गोळ्या खाल्लेल्या स्त्रीला एका इंजेक्शनाने आराम पडणे हा चमत्कार मानण्याचे कारण नाही. व्रणाजवळ खोकताना फुगवटा येत असेल तर मात्र हर्नियाची शक्यता पाहावी लागते, आणि ती उभे राहूनही तपासावी लागते.

याउलट अगदी कमी आढळणारे, पण विसरता कामा नये असे एक कारण म्हणजे अंडाशयाचा तुकडा आत राहून जाणे. शेमवेल आणि वीड या डॉक्टरांनी १९७० साली त्याचे वर्णन ‘ओव्हेरियन रेम्नंट सिंड्रोम’ या नावाने केले. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, किंवा आधीच्या शस्त्रक्रिया यांमुळे अंडाशय बाजूच्या भिंतीला घट्ट चिकटलेले असले, की ते सोलून काढताना पातळसा थर मागे राहतो, त्याला नवा रक्तपुरवठा मिळतो आणि तो संप्रेरके तयार करू लागतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच बाजूला गाठ येऊन दुखू लागते. दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि संप्रेरकांची गोळी न घेणाऱ्या स्त्रीला अंगातून वाफा येणे, घाम फुटणे हे पाळी गेल्याचे त्रास झालेच नाहीत, तर हा संशय घ्यावा. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल या संप्रेरकांच्या साध्या रक्ततपासण्यांनी तो बराचसा पक्का होतो, कारण अंडाशये खरोखर गेली असतील तर एफएसएच चढलेले असायला हवे. इथे शस्त्रक्रियेचा उपयोग आहे, पण तुकडा बहुधा मूत्रवाहिनीला खेटून असल्याने ती अनुभवी हातांनीच करावी लागते. एकच अंडाशय काढले असेल तर प्रश्न निराळा: उरलेल्या अंडाशयात दर महिन्याला घडणाऱ्या गोष्टी आणि तिथे येणाऱ्या साध्या गाठी यांचेही दुखणे असू शकते.

बाकीची कारणे अंडाशयाशी संबंध नसलेली आणि म्हणूनच सहज निसटणारी आहेत: मुतखडा, जुनाट बद्धकोष्ठ, मलविसर्जनाने कमीजास्त होणारा आतड्याचा इरिटेबल बॉवेल हा विकार, मूत्राशयाचा दाह, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आवळणे. तरुण वयात दोन्ही अंडाशये गेलेल्या स्त्रीची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि मणका दबून येणारी कळ पाठीकडून पुढे पोटावर उतरते. भारतात पोटाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. त्यात आतडी चिकटतात, पाणी साचते आणि सीए-१२५ ही रक्तातील खूण अंडाशयाच्या कर्करोगासारखीच वाढते, त्यामुळे कर्करोग समजून पोट उघडल्यावर क्षय निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत.

दुखणे वर्षानुवर्षे चालले की मज्जासंस्थाच बदलते, हे क्लिफर्ड वुल्फ यांच्या १९८३ च्या प्रयोगांपासून मान्य झाले आहे; मज्जारज्जूतील पेशी इतक्या हळव्या होतात की नेहमीचा वायू, भरलेले मूत्राशय किंवा कमरेचा घट्ट नाडा यांच्या संवेदनाही वेदना म्हणून पुढे जातात. याला मनाचे खेळ म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्यावर शस्त्रक्रिया करणे व्यर्थ आहे. यासाठी गॅबापेंटिन हे औषध सर्रास लिहिले जाते, परंतु ब्रिटनमधील ३९ रुग्णालयांत ३०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उघड कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या दुखण्यावर ते औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि चक्कर, गुंगी मात्र वाढली. याउलट नेदरलँड्समधील लायडन येथे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या १०६ स्त्रियांच्या चाचणीत, आधी दुर्बीण घालण्याऐवजी सुरुवातीपासूनच शरीर, मन, आहार आणि फिजिओथेरपी या सगळ्यांकडे एकत्र पाहिले गेलेल्या गटाला अधिक आराम मिळाला. आपल्याकडे अशी एकत्र व्यवस्था मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच आहे, ही खरी उणीव आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१, म्हणजे साधारण सहांत एक, स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगता येणाऱ्या अनेक स्त्रियांना गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली की राहिली, एक गेले की दोन, हे सांगता येत नाही, आणि ते कळल्याशिवाय वर वर्णन केलेल्या निम्म्या शंकांचा विचारही सुरू करता येत नाही.

पोट फुगून वारंवार उलट्या होणे आणि वायू वा शौच सरकेनासे होणे ही आतडे अडकल्याची लक्षणे आहेत आणि त्यांत तासांचाही उशीर नको. ताप, शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, पोटात पाणी साचणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे यांसाठीही लगेच डॉक्टर गाठावेत. इतर दुखण्यात घाई करण्यापेक्षा जुने कागद शोधणे अधिक उपयोगाचे असते. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. शस्त्रक्रियेत काय दिसले आणि काय काढले याची सविस्तर नोंद आणि काढलेल्या भागाचा बायोप्सी अहवाल, हे दोन कागद हवेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याला कागदपत्रे द्यावी लागतात, परंतु ती जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. तेव्हा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी हे दोन कागद घरी जाण्यापूर्वीच मागून घ्यावेत.